चांगदेव किती झाले?

महाराष्ट्रात चांगदेव म्हटले की वाघावर बसलेले, हाती सापाचा चाबूक घेतलेले, चौदाशे वर्षे काळाला परतवून लावणारे योगी डोळ्यांपुढे येतात. त्यांची समाधी पुणतांब्याला, गोदावरीच्या काठी. दौंड–मनमाड लोहमार्गावरचे हे गाव प्रवाशांना शिर्डीच्या फाट्याचे जंक्शन म्हणून माहीत असते. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक इथूनच गेली, त्यामुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनाही ते ठाऊक झाले. वारकऱ्यांच्या लेखी मात्र ते चांगदेवांचे गाव. पण बाराव्या ते चौदाव्या शतकातले दगड आणि पोथ्या चाळायला बसावे, तर चांगदेव एकटे भेटत नाहीत. एक राजज्योतिषी आहे. एक द्वारावतीच्या रस्त्यांवर खराटा मारणारा अवधूत. एक हरिश्चंद्रगडाशी नाव जोडलेला कवी. गुजरातेत तर एक चांगदेव मोठेपणी जैन आचार्य होतो. यांतले वेगळे किती आणि एकच किती, हा मराठी वाङ्मयेतिहासातला जुना वाद. माझ्या मते तो बराचसा सुटलेला आहे. ज्या गाठी उरल्या आहेत त्या भलत्याच ठिकाणी आहेत, आणि पुणतांबे त्यांतल्या एका गाठीवर आहे.

एकाच नावाची अनेक माणसे ही काही आपलीच मिरास नाही. प्राचीन रोममध्ये पुरुषाचे पहिले नाव जेमतेम दीड डझनांतून निवडायचे, पुढे कुळाचे नाव लावायचे, आणि थोरल्या मुलाला बहुधा बापाचेच नाव द्यायचे. त्यामुळे मार्कुस पोर्किउस कातो हे नाव पणजोबाचेही आहे आणि पणतूचेही. पणजोबा इ.स.पू. २३४ ते १४९ या काळातला कडक शिस्तीचा राजपुरुष. पणतू सीझरचा हाडवैरी, इ.स.पू. ४६ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या युटिका इथे स्वतःच्या हाताने मेला, म्हणून युटिकाचा कातो. सेनेका बापलेकांचे तर पूर्ण नाव एकच, लुसिउस अन्नेउस सेनेका. बापाने लिहिलेले लेकाच्या नावावर किती काळ चालले! शेवटी जर्मन पंडितांनी पाउली-विसोवा या अवाढव्य कोशात सरळ क्रमांक घातले, एका नावाखाली पहिला, दुसरा, तिसरा, पार शंभराच्या घरात. आपल्याकडे सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन चरित्रकोशात हीच वाट धरली. बोलताना आपले काम थोरले-धाकटे, सवाई, सातारकर, कोल्हापूरकर यांवर भागते. तरीही साताऱ्याचे शाहू महाराज (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) यांची भाषणांतून अदलाबदल होतेच.

राजांच्या बाबतीत ही चूक लगेच पकडता येते, कारण शिक्के आहेत, सनदा आहेत, शत्रूंनी लिहून ठेवलेल्या बखरीही आहेत. संतांच्या बाबतीत हाताशी उरतात अभंगाच्या शेवटची छाप, दोन-चार ग्रंथ, आणि तीनचारशे वर्षांनी लिहिलेली चरित्रे.

आधी सोपे चांगदेव बाजूला काढू.

गुजरातेतल्या धंधुका गावी इ.स. १०८८-८९ मध्ये पाहिणीच्या पोटी जन्मलेल्या मुलाचे नाव चांगदेव. देवचंद्रसूरींनी त्याला लहानपणीच दीक्षा दिली, तेव्हा तो सोमचंद्र झाला आणि आचार्यपद मिळाल्यावर हेमचंद्र. सिद्धराज जयसिंहासाठी व्याकरण लिहिणारा, कुमारपाल राजाचा गुरू असलेला ‘कलिकालसर्वज्ञ’ हेमचंद्र तो हाच. त्याचा पुणतांब्याशी काडीचाही संबंध नाही. त्याला इथे आणायचे ते एवढ्यासाठी, की अकराव्या-बाराव्या शतकात हे नाव तापीच्या दोन्ही बाजूंना, ब्राह्मणांत, व्यापाऱ्यांत, जैनांत, सगळीकडे ठेवले जात होते. एवढे रुळलेले नाव दोन ठिकाणी सापडले म्हणून माणूस एक ठरत नाही.

दुसरे चांगदेव राजज्योतिषी. त्यांची साक्ष दगडावर आहे आणि ती इतकी पक्की आहे की बाकीच्या सगळ्या चांगदेवांनी हेवा करावा. चाळीसगावजवळच्या पाटण (पाटणादेवी) इथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्याची माहिती छापली. पुढे कीलहॉर्नने तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात नीट संपादित केला. लेखात एका विद्वान घराण्याची वंशावळ आहे: त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग सिद्धांतशिरोमणीकार भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले आणि चांगदेव सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून या नातवाने पाटणला मठ काढला. दान देणारा सोइदेव हा निकुंभ घराण्यातला मांडलिक.

त्या वंशावळीत दोन भास्कर आहेत हे लक्षात आले असेलच. भोजाने ‘विद्यापती’ म्हणून गौरवलेला एक, आणि १११४ मध्ये जन्मलेला, छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी लिहिणारा दुसरा. शिवाय सातव्या शतकात आर्यभटावर भाष्य करणारा तिसरा एक भास्कर आहेच. त्याला आणि सिद्धांतशिरोमणीकाराला नेटकेपणाने वेगळे करणारा विभूतिभूषण दत्तांचा लेख १९३० सालचा आहे. नामसाधर्म्याचा रोग ज्योतिषांच्या घरातही होता तर!

पाटणच्या लेखाची तारीख काढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. दगडावर शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणातली पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असे लिहिले आहे. नुसत्या आकड्यावर गेले तर संवत्सर जुळत नाही, एका वर्षाचा फरक पडतो. पण प्रभव संवत्सर आणि ग्रहण दोन्ही धरले की गणित ९ ऑगस्ट १२०७ वर येऊन थांबते. ज्योतिष्याच्या मठाची तारीख ग्रहणाने सोडवावी यात एक मौज आहे. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि शं. गो. तुळपुळ्यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेखां’त तो वाचायला मिळतो. पेठेत जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला, जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांकडून पळी पळी तेल मठाला, आणि मोजायचे ते मठाच्या मापाने मोजायचे. एवढा हिशेबी, पोट भरण्याची तजवीज असलेला मठ काढणारा चांगदेव हा वाघावर बसणारा चांगदेव नव्हे, हे कुणालाही पटावे. १२०७ मध्ये जो मठ काढतो तो निदान तिशीचा तरी असणार. ज्ञानदेवांच्या भेटीला यायला त्याला शंभरी केव्हाच ओलांडावी लागली असती. बापाचे नावही वेगळे. इथे शंकेला जागा नाही.

तिसरे चांगदेव महानुभावांचे. पंथाच्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण आणि दत्तात्रेय यांच्यानंतर येतात ते चांगदेव राऊळ, ऊर्फ श्रीचक्रपाणी. त्यांच्यामागून ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आणि मग चक्रधर. चांगदेव राऊळांचा जन्म फलटणचा, पंथाच्या परंपरेने शके १०४३ मधला, वडील जनकनायक. घर सोडून ते यात्रेकरूंबरोबर माहूरला गेले. तिथे दत्तात्रेय वाघाच्या रूपाने आले आणि त्यांनी मस्तकावर पंजा ठेवला, ही कथा महानुभावांना पाठ असते. पुढे ते द्वारावतीला राहिले. हातात खराटा आणि सूप घेऊन रस्ते झाडायचे, कचरा सुपात भरायचा, आणि तेच सूप लोकांच्या डोक्यावर ठेवून त्यांना ज्ञान द्यायचे. शेवटी कामाख्या नावाची योगिनी हट्टाने समोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी देहच टाकला. त्याच सुमारास भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव मरण पावला होता. त्याच्या देहात ते शिरले, आणि तोच हरिपाळदेव पुढे चक्रधर झाला, असे पंथ मानतो.

म्हणजे महानुभावांच्या दृष्टीने चांगदेव राऊळ आणि चक्रधर ही नावे दोन, देह दोन आणि पुरुष एक. आपण इथे नेमके उलटे कोडे सोडवतो आहोत: नाव एक आणि माणसे किती. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र वाचताना हे सतत मनाशी धरावे लागते. ‘चांगदेव’ हा शब्द त्या वाङ्मयात आला की तो बहुधा द्वारावतीकारांसाठी येतो, आणि वारकरी वाचक सवयीने त्याला पुणतांब्याला नेऊन बसवतो.

आता चौथे, म्हणजे खरे पुणतांबेकर. यांची कथा ज्ञानदेवांच्या चरित्राला जोडूनच येते. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसले, तर मायना काय लिहावा तेच ठरेना. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने थोर. तीर्थरूप लिहावे, तर पोर सोळा-सतरा वर्षांचे. शेवटी कोरा कागदच पाठवला. मुक्ताबाई तो पाहून म्हणाली, चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तर लिहिले, त्या पासष्ट ओव्या म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. मग स्वारी वाघावर बसून, चौदाशे शिष्य घेऊन आळंदीला आली. भावंडे भिंतीवर बसली होती, ती भिंतच सामोरी चालत गेली. चांगदेवांचा अहंकार गळाला आणि ते मुक्ताबाईचे शिष्य झाले. ही कथा घराघरांत रुजवली ती ‘भक्तविजय’कार महिपतींनी. त्यांचे ताहराबाद राहुरी तालुक्यात, म्हणजे पुणतांब्याच्याच जिल्ह्यात. ग्रंथ १७६२ सालचा. प्रसंग आणि पोथी यांच्यात साडेचारशेच्या वर वर्षे गेलेली.

भिंतीच्या कथेबद्दल एक बाब इतिहासाच्या अभ्यासकांना बरीच वर्षे माहीत आहे आणि भाविकांनाही ती ऐकायला हरकत नसावी. वाघ-सिंहावर बसून, सापाचा चाबूक करून एक सिद्ध दुसऱ्याला भेटायला येतो आणि दुसरा भिंत किंवा शिळा चालवून त्याला गप्प करतो, ही कथा तुर्कस्तानात हाजी बेक्ताश वलीबद्दल सांगतात, आणि हिंदुस्थानातल्या अनेक पीर-फकिरांबद्दलही. सायमन डिग्बी या अभ्यासकाने यावरच एक लेख लिहिला आहे. तेव्हा वाघ आणि भिंत ही सिद्धांच्या भेटीची ठरलेली नेपथ्यसामग्री आहे. तिच्यावरून कुणाची ओळख पटवायला जाऊ नये. वाघ तर फलटणच्या चांगदेवांच्याही कथेत आहे, फक्त तिथे तो वाहन नाही, गुरू आहे. काही लेखक या दोन वाघांची सांगड घालून दोन चांगदेव एक करू पाहतात. मला ते उगाच ओढाताण केल्यासारखे वाटते.

भक्कम पुरावा आहे तो पासष्टीतच. आख्यान सोडा आणि ओव्या वाचा. आरंभालाच वटेशाचे नाव येते, तोही जगात लपून जगाला प्रकट करणारा परमात्मा म्हणून. पुढे ज्ञानदेव चांगयाला वटेश्वराचा पुत्र म्हणतात. आणि शेवटाकडे स्वतःला आणि चांगदेवांना समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांची उपमा देतात. तिथे चांगदेवांसाठी नाव कोणते वापरले आहे? चक्रपाणी.

गुंत्याचे मूळ हे आहे. चांगदेव हे नाव तर दोघांचे होतेच. पण महानुभावांचे चांगदेवही चक्रपाणी आणि ज्ञानदेवांचे चांगदेवही चक्रपाणी. एका माणसाची दोन नावे दुसऱ्या माणसाच्या दोन्ही नावांशी जुळावीत म्हणजे फारच झाले, असे वाटून भल्याभल्यांनी दोघांना एकत्र आणण्याचा मोह धरला. तो मोह टिकत नाही, कारण महानुभावांच्याच हिशेबाने त्यांच्या चांगदेवांनी १२२१ च्या आगेमागे देह ठेवला, आणि पासष्टी ही १२९० च्या ज्ञानेश्वरीनंतरची. मधली सत्तर वर्षे कुठे घालवायची? शिवाय फलटणच्या चांगदेवांच्या चरित्रात वटेश्वर कुठेच नाही आणि पुणतांब्याच्या चांगदेवांना वटेश्वरावाचून ओळखच नाही.

हा वटेश्वर कोण? देव, गुरू की बाप? सासवडला कऱ्हेच्या काठी चांगावटेश्वराचे देऊळ आहे, तिथे तो महादेव आहे. पासष्टीच्या पहिल्या ओवीतही तो देवच. पुत्र हा शब्द मग अध्यात्मातल्या नात्याचा मानावा लागतो, आणि योग्यांच्या परंपरेत शिष्याला सुत, नंदन म्हणण्याची रीत होतीच. (दहाव्या शतकात वटेश्वर नावाचा एक गणितीही होऊन गेला. त्याचा वटेश्वरसिद्धांत इ.स. ९०४ चा. त्याला कृपा करून इथे आणू नये. आधीच गर्दी झाली आहे.)

आता हरिश्चंद्रगड. अकोले तालुक्यातला हा गड आज तरुण मंडळी कोकणकड्यासाठी चढतात, पण इथले कोरीव लेख वाचण्यासाठीही चढावेत असे आहेत. त्यांतल्या एकात चक्रपाणी हा वटेश्वराचा नंदन आणि त्याचा सुत विकटदेव, असा उल्लेख आहे. पासष्टीतली जोडी जशीच्या तशी दगडावर! चक्रपाणी आणि वटेश्वर एकत्र आले की माणूस कोणता याबद्दल माझ्या मनात शंका राहत नाही. आणि हा लेख गडावर आहे, द्वारावतीत नाही. गडाचा संबंध इथेच संपत नाही. ‘तत्त्वसार’ नावाचा चांगदेवांचा एक ओवीबद्ध ग्रंथ विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती आला. मूळच्या हजारावर ओव्यांपैकी निम्म्याहूनही कमी उरल्या आहेत. त्यात हरिश्चंद्र पर्वताचे वर्णन आहे आणि ग्रंथसमाप्तीचा शक आहे १२३४, परिधावी संवत्सर. साठ संवत्सरांचे चक्र मोजून पाहिले तर शके १२३४ ला परिधावीच येतो. पाटणसारखी एका वर्षाचीही खोट नाही. म्हणजे इसवी सन १३१२.

आणि इथे पुणतांब्याचा प्रश्न उभा राहतो. संतचरित्रांत आणि चरित्रकोशांत चांगदेवांच्या समाधीचे साल शके १२२७, म्हणजे इसवी सन १३०५ च्या आसपासचे दिलेले असते. समाधी घेतल्यावर सात वर्षांनी ग्रंथ पुरा करणे योगिराजांनाही जमणारे नव्हते.

वाटा तीन. पासष्टीतले चांगदेव वेगळे आणि तत्त्वसारकर्ते वेगळे, ही पहिली. तत्त्वसाराचा शक लेखनिकाच्या हातून चुकला, ही दुसरी. समाधीचे साल चुकीचे, ही तिसरी. पहिली वाट धरली तर वटेश्वर आणि मुक्ताबाई ही दोन्ही नाती एकाच शतकात दोन चांगदेवांना वाटून द्यावी लागतात. चांगदेव नाव सर्रास होते हे मी वर म्हटलेच, पण चांगदेव वटेश्वर हे काही सर्रास नव्हे. दुसऱ्या वाटेला संवत्सराची साक्ष आडवी येते. लेखनिक शकाचा आकडा चुकवू शकतो, संवत्सराचे नाव चुकवू शकतो. पण दोन्ही चुकवून ती परस्परांशी जुळतील असे चुकवणे कठीण. उरते तिसरी. समाधीचे साल परंपरेने सांगितलेले आहे. त्याच्यामागे तत्त्वसाराच्या शकासारखा समकालीन आधार नाही. म्हणून समाधी १३१२ नंतरची मानावी आणि पुणतांब्याचे चांगदेव, पासष्टीतले चांगदेव, गडावरचा चक्रपाणी आणि तत्त्वसारकार हे एकच धरावेत, असे माझे मत आहे. यात पुणतांब्याची समाधी खोटी ठरत नाही. फक्त ती सात-आठ वर्षांनी अलीकडे सरकते. १४०० वर्षांच्या आयुष्यात तेवढ्याने काय बिघडते!

भूगोलही या मताच्या बाजूने आहे. हरिश्चंद्रगड, नेवासे आणि पुणतांबे ही तिन्ही ठिकाणे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येतात. गडाच्या कुशीत उगम पावणारी मुळा प्रवरेला मिळते, त्या प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली, आणि प्रवरा जिला मिळते त्या गोदावरीच्या काठी पुणतांबे. एका योग्याने आयुष्यभर फिरून जावा एवढाच हा टापू. खानदेशातले चांगदेव गाव तेवढे लांब पडते. तापी-पूर्णा संगमावरचे हे गाव मुक्ताईनगर तालुक्यात आहे आणि तिथले दगडी देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तिथे चांगदेवांची तपोभूमी मानतात आणि पलीकडे मुक्ताबाई गुप्त झाल्याचे ठिकाण आहे. शिष्याची तपोभूमी गुरूच्या अंतर्धानाच्या जागेशेजारी असावी यात नवल नाही. पाटणही जळगाव जिल्ह्यातच असल्याने खानदेशात राजज्योतिषी चांगदेव आणि योगी चांगदेव एक करण्याचा उत्साह अधूनमधून दिसतो. त्यांच्यामध्ये जवळजवळ एक शतक आहे, हे वर आलेच.

मग चौदाशे वर्षांचे काय? अनेक चांगदेव होऊन गेले, लोकांनी ते सगळे एकात ओवले, म्हणून आयुष्य एवढे लांबले, असा एक सुटसुटीत खुलासा ऐकू येतो. ऐकायला बरा आहे, पण हिशेब बसत नाही. आपल्याला सापडलेले सगळे चांगदेव एकापुढे एक उभे केले तरी १०८८ पासून १३१२ पर्यंत सव्वादोनशे वर्षेच भरतात. परंपरा वेगळेच सांगते: दर शंभर वर्षांनी काळ यायचा, तेव्हा चांगदेव प्राण ब्रह्मरंध्रात नेऊन बसत आणि काळ हात हलवत परत जाई. असे चौदा वेळा झाले. म्हणजे हा हठयोगाच्या सामर्थ्याचा आकडा आहे, वंशावळीचा नव्हे. शिवाय शिष्यही चौदाशेच. आकडा जेव्हा वर्षांनाही लागतो आणि शिष्यांनाही, तेव्हा तो मोजून आलेला नसतो. मुक्ताबाईच्या वाक्याला धार यावी म्हणून तेवढे वय लागते, इतकेच.

संत वेगळे काढण्याचा हव्यास कुठवर जाऊ शकतो याचेही उदाहरण आपल्याकडे आहे. १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या नावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी लेखमाला लिहिली आणि महाराष्ट्र हादरवला. त्यांचे म्हणणे, ज्ञानदेव दोन: ज्ञानेश्वरी लिहिणारे आपेगावचे शैव ज्ञानदेव वेगळे, आणि विठ्ठलाचे अभंग गाणारे आळंदीचे वेगळे. भाषा वेगळी, दैवत वेगळे, ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा उल्लेखही नाही, असे त्यांचे मुद्दे होते. ते मुद्दे फालतू नव्हते. पण ओवीत गीतेचे भाष्य करणारा माणूस अभंगात वेगळ्या तोंडाने बोलू शकतो, एवढी साधी सवलत त्यांनी दिली नाही, आणि बहुतेक अभ्यासकांनी पुढे एकच ज्ञानदेव मानले. भारद्वाजांचा उपयोग मात्र झाला. छापेवरून कर्ता ठरवण्याची सवय त्यांनी मोडली.

ती सवय चांगदेवांच्या बाबतीतही मोडायला हवी. ‘चांगा वटेश्वर’ अशी छाप असलेले अभंग गाथ्यांतून छापले जातात आणि सरसकट पुणतांबेकरांच्या नावावर चढतात. नामदेवांचे काय झाले ते पाहावे. नामदेव स्वतःला विष्णुदास म्हणवत, आणि सोळाव्या शतकात विष्णुदास नामा या नावाचा वेगळा कवी झाला. दोघांचे अभंग एकाच गाथ्यात इतके मिसळले की आजही संपादकांची दमछाक होते. चांगदेवांच्या अभंगांना तत्त्वसाराची कसोटी लावावी, हे माझे म्हणणे. शब्दरूपे तेराव्या-चौदाव्या शतकाची आहेत का, योगाची परिभाषा तीच आहे का, मुक्ताबाईचा उल्लेख गुरू म्हणून येतो की नुसता कथेतले पात्र म्हणून. वाघ, भिंत आणि कोरा कागद ज्या अभंगात ठासून भरले असतील, तो कथा रूढ झाल्यावरचा समजायला हरकत नाही. स्वतःची फजिती कुणी इतक्या नेटक्या आख्यानात सांगत नाही.

नाव मात्र थांबले नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे खंडोगणती चरित्र लिहिणारे चांगदेव भवानराव खैरमोडे (१९०४–१९७१) सातारा जिल्ह्यातले. भालचंद्र नेमाड्यांनी ‘बिढार’ (१९७५) पासून ‘झूल’ (१९७९) पर्यंतच्या चार कादंबऱ्यांच्या नायकाला चांगदेव पाटील नाव दिले; नेमाडे स्वतः यावल तालुक्यातल्या सांगवीचे, चांगदेव गावाच्या टापूतले. खैरमोड्यांच्या नावात वडिलांचे नाव आहे, आडनाव आहे, पुस्तकांवर साले आहेत. पुढच्या कोशकाराला त्यांच्यासाठी ग्रहण शोधत बसावे लागणार नाही.